नकाशातला खड्डा आणि यूजीन विग्नर

प्रयोगशाळेतल्या टेबलावर प्रकाशाचा एक नवा स्रोत ठेवला आहे. तो बनवणाऱ्यांचा दावा असा, की यातून बाहेर पडणारा प्रकाश साध्या दिव्याचा नाही आणि लेझरचाही नाही. तो खास क्वांटम जातीचा आहे आणि उद्याच्या क्वांटम संगणकाला नेमका असाच प्रकाश लागणार आहे. आपल्या डोळ्यांना यातला फरक कळणे शक्य नाही. मग दावा खरा की खोटा हे ठरवायचे कशावरून?

सोन्याचा कस पाहायला सराफाकडे कसोटीचा दगड असतो. प्रकाशाचा कस पाहायचाही एक दगड भौतिकशास्त्रज्ञांकडे आहे. गंमत अशी, की तो या कामासाठी घडवलेलाच नव्हता. १९३२ साली एका २९ वर्षांच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने वायूंच्या उष्णतेचा हिशेब करताना एक सूत्र लिहिले आणि त्यातला एक दोष तिथेच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला. पुढे तोच दोष कसोटी ठरला. हा माणूस शिक्षणाने रासायनिक अभियंता होता. वडिलांच्या मनासारखे झाले असते तर तो आयुष्यभर कातडी कमावण्याच्या कारखान्यातच राहिला असता. त्याचे नाव यूजीन विग्नर.

चुकीचे निदान आणि भूमितीचे कोडे

विग्नर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०२ रोजी बुडापेस्टमध्ये एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. हंगेरियन भाषेत त्यांचे नाव येनो. वडील अंताल एका चर्मोद्योगात व्यवस्थापक होते. येनो अकरा वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याला क्षयरोग झाल्याचे सांगितले. त्या काळात क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार होता. मुलाला ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवण्यात आले. दिवसभर आरामखुर्चीत पडून राहायचे, धावायचे नाही, खेळायचे नाही. वेळ घालवण्यासाठी त्याने भूमितीची कोडी मनातल्या मनात सोडवायला घेतली. त्रिकोणाचे तीन शिरोलंब दिले असतील तर तो त्रिकोण काढायचा कसा, हा प्रश्न त्याने तिथे बराच काळ घोळवला. सहा आठवड्यांनी कळले की निदानच चुकले होते. त्याला क्षय नव्हताच. मुलगा घरी परतला, पण डोक्यात गणित घेऊन.

शाळा होती बुडापेस्टमधली प्रसिद्ध ल्युथरन शाळा. तिथे लास्लो रात्स नावाचे गणिताचे विलक्षण शिक्षक होते. विग्नरच्या मागच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याला रात्स सर वेगळे बसवून शिकवत. तो पुढे जॉन फॉन नॉयमन म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्याशी तुलना केल्यामुळे असेल, पण विग्नर यांनी स्वतःला कधी मोठे गणिती मानले नाही. ही दोस्ती मात्र आयुष्यभर टिकली.

शाळा संपल्यावर वडिलांनी विचारले, पुढे काय व्हायचे आहे? मुलाला भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे होते. अशा नोकऱ्या हंगेरीत किती आहेत, हा वडिलांचा पुढचा प्रश्न. मुलाने जरा वाढवूनच चार असे उत्तर दिले. प्रश्न तिथेच मिटला. येनो रासायनिक अभियांत्रिकी शिकायला गेला, आधी बुडापेस्टमध्ये आणि १९२१ पासून बर्लिनच्या तंत्रविद्यालयात.

बर्लिनमध्ये त्याला जे मिळाले ते अभ्यासक्रमात नव्हते. जर्मन भौतिकशास्त्र संस्थेच्या साप्ताहिक बैठकांना आइन्स्टाइन, प्लांक, नेर्न्स्ट, फॉन लाउए अशी माणसे पुढच्या रांगेत बसत आणि नव्या शोधनिबंधांची चर्चा होई. अभियांत्रिकीचा हा विद्यार्थी मागे बसून ऐके. मायकेल पोलान्यी यांच्या मार्गदर्शनाखाली रासायनिक क्रियांच्या वेगावर प्रबंध लिहून १९२५ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली आणि ठरल्याप्रमाणे वडिलांच्या कारखान्यात रुजू झाला. कातडी कमावण्याचे काम त्याला फारसे जमले नाही. पण जर्मन भौतिकशास्त्राचे नियतकालिक त्याने चालू ठेवले होते. त्यात क्वांटम सिद्धान्ताच्या नव्या मांडणीवरचा लेख वाचला आणि पुढे बर्लिनहून साहाय्यकाच्या जागेसाठी बोलावणे आले, तेव्हा त्याने कारखाना सोडला. वडिलांनीही अडवले नाही.

आरशातले जग

बर्लिनमधले काम स्फटिकांचे होते. स्फटिकातले अणू ठरावीक रचनेतच का बसतात, हे समजायला सममिती समजावी लागते. एखादी आकृती फिरवली, उलटवली, आरशात पाहिली तरी ती तशीच दिसते का, याचे गणित म्हणजे गटसिद्धान्त. तो तेव्हा गणितज्ञांच्या कपाटात होता. काय वाचायचे ते फॉन नॉयमन यांनी सांगितले, आणि विग्नर यांनी ते गणित अणूंच्या जगात आणले.

१९२७ मध्ये ते ग्योटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट यांचे साहाय्यक म्हणून गेले. हिल्बर्ट त्या काळचे सर्वांत मोठे गणितज्ञ; पण तेव्हा ते घातक पांडुरोगाने आजारी होते. शरीराला ब जीवनसत्त्वातला बी-१२ हा घटक शोषता न आल्याने हा रोग होतो, हे तेव्हा माहीत नव्हते. यकृताचा आहार हा नुकताच सापडलेला उपाय होता. गुरू थकलेले, त्यामुळे विग्नर यांना स्वतःच्या कामाला भरपूर वेळ मिळाला. त्याच वर्षी त्यांनी एक कल्पना मांडली, जी आपल्या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनची अवस्था आरशात पाहिल्यासारखी उलटवली, तर ती एकतर तशीच राहते किंवा तिचे चिन्ह बदलते, म्हणजे अधिकचे वजा होते. पहिली सम, दुसरी विषम. या गुणाला समता म्हणतात. प्रकाश बाहेर टाकताना अणू काही उड्या घेतात आणि काही कधीच घेत नाहीत, याचे कारण या सम-विषमात दडलेले आहे, हे त्यांनी दाखवले.

अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे गणित आवडले नाही. गटसिद्धान्ताची साथ पसरली आहे, अशी थट्टाही झाली. विग्नर यांनी वाद घातला नाही. १९३१ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. आज हे गणित क्वांटम भौतिकीच्या पायातच आहे.

१९३२ : एक तळटीप, एक कबुली

१९३० मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने फॉन नॉयमन आणि विग्नर या दोघांना एकदमच बोलावले. येनोचा यूजीन झाला. अर्धे वर्ष अमेरिका, अर्धे वर्ष बर्लिन असे सुरू झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिनची जागा गेली आणि परतीचा रस्ताच बंद झाला.

त्याच्या आदल्या वर्षी तो निबंध आला. प्रश्न साधा होता. कमी तापमानाला वायूच्या वागण्यात क्वांटम परिणाम दिसू लागतात. जुन्या हिशेबात त्यासाठी किती दुरुस्ती करायची? त्यासाठी विग्नर यांना एक नकाशा हवा होता.

नकाशा म्हणजे काय, ते झोपाळ्यावरून पाहू. झोपाळा एखाद्या क्षणी कुठे आहे आणि किती वेगाने जात आहे, या दोन गोष्टी कळल्या की त्याच्याबद्दल सगळे कळले. कागदावर आडव्या रेषेवर जागा आणि उभ्या रेषेवर वेग घेतला, की झोपाळ्याची स्थिती हा एक ठिपका होतो. वाऱ्याने झोपाळा थोडा इकडेतिकडे होत असेल तर अनेक वेळा मोजून अनेक ठिपके मिळतील. जिथे ठिपके दाट तिथे धान्याची रास उंच, जिथे विरळ तिथे सखल, असे समजा. ही रास म्हणजे शक्यतांचा नकाशा. प्रकाशलहरीलाही अशाच दोन राशी लागतात, कारण तीही एक प्रकारे झोके घेते.

क्वांटम जगात अडचण अशी, की जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत. मग असा नकाशा काढायचा कसा? विग्नर यांनी एक सूत्र दिले. त्यातून मिळणाऱ्या राशीकडे एका बाजूने पाहिले, की जागेच्या शक्यता बरोबर मिळतात. दुसऱ्या बाजूने पाहिले, की वेगाच्या शक्यता बरोबर मिळतात. फक्त एक गोष्ट विचित्र होती. काही अवस्थांच्या नकाशात राशीची उंची काही ठिकाणी शून्याच्याही खाली जात होती. जमिनीवर रास असावी तिथे खड्डा होता. पदरात वजा तीन पायली धान्य आहे, असे कोणी म्हणू शकत नाही. तशीच वजा शक्यता नावाची गोष्टही नसते. विग्नर यांनी हे लपवले नाही. हा आकडा खऱ्या अर्थाने शक्यता मानता येणार नाही, कारण तो ऋण होऊ शकतो, हे त्यांनी निबंधातच लिहून टाकले. हे सूत्र काही वर्षांपूर्वी लिओ झिलार्ड यांच्यासोबत वेगळ्या कामासाठी सापडले होते, अशी तळटीपही दिली. मग त्या सूत्राने वायूची दुरुस्ती काढली आणि ते पुढच्या कामाला लागले.

वियोग, युद्ध आणि कागदी पेले

१९३६ मध्ये प्रिन्स्टनने त्यांना कायम केले नाही. ते विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला गेले. तिथे अमेलिया फ्रँक या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक तरुणीशी त्यांचे प्रेम जुळले आणि डिसेंबरात लग्न झाले. लग्नाला वर्षही झाले नव्हते तोच, ऑगस्ट १९३७ मध्ये, कर्करोगाने अमेलिया गेल्या. त्या गावात राहणे विग्नर यांना असह्य झाले. पुढच्या वर्षी प्रिन्स्टनने पुन्हा बोलावले आणि ते परतले. १९४१ मध्ये त्यांनी मेरी व्हीलर यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना दोन मुले झाली. याच काळात त्यांची बहीण मार्गिट हिचे लग्न पॉल डिरॅक यांच्याशी झाले. अबोल डिरॅक पाहुण्यांना आपल्या बायकोची ओळख विग्नरची बहीण अशीच करून देत, हा किस्सा भौतिकशास्त्रज्ञांच्या गप्पांत अजून रंगतो.

जुलै १९३९ मध्ये झिलार्ड आणि विग्नर मोटारीने लाँग आयलंडवर सुट्टीला गेलेल्या आइन्स्टाइन यांच्याकडे पोहोचले. युरेनियमच्या साखळी क्रियेतून जर्मनी बॉम्ब बनवू शकेल, ही भीती त्यांना सांगायची होती. आइन्स्टाइन यांनी जर्मन भाषेत मजकूर सांगितला आणि विग्नर यांनी तो उतरवून घेतला. त्याच प्रयत्नातून पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना गेलेले प्रसिद्ध पत्र तयार झाले.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखाली जगातली पहिली अणुभट्टी चालली. यश मिळेल या भरवशावर विग्नर यांनी इटालियन वाइनची एक बाटली आधीच मिळवून ठेवली होती. फर्मी इटलीचे, म्हणून ती खास निवड. कागदी पेल्यांतून सगळ्यांनी घोट घोट घेतली आणि बाटलीच्या वेष्टनावर सह्या केल्या. पण उत्साह बेताचाच होता. आपण काय जन्माला घातले याची जाणीव सर्वांना होती.

इथे विग्नर यांच्यातला अभियंता कामी आला. हॅनफर्डला प्लुटोनियम तयार करणाऱ्या मोठ्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांना पाण्याने थंड ठेवण्याचा आराखडा त्यांच्या गटाचा. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ग्राफाइटमधले अणू जागचे हलतील आणि त्यात ऊर्जा साठत जाईल, हा धोकाही त्यांनी आधीच ओळखला होता. याला विग्नर परिणाम म्हणतात. १९५७ मध्ये ब्रिटनमधल्या विंडस्केल अणुभट्टीत हीच साठलेली ऊर्जा मोकळी करताना आग लागली. बॉम्ब तयार झाल्यावर, जुलै १९४५ मध्ये, झिलार्ड यांनी राष्ट्राध्यक्षांना द्यायचा एक अर्ज तयार केला. शरणागतीच्या अटी जाहीर करून जपानने त्या नाकारल्याशिवाय बॉम्ब वापरू नये, अशी त्यात विनंती होती. त्यावर सही करणाऱ्या ७० जणांत विग्नर होते. त्या अर्जाचा उपयोग झाला नाही.

युद्धानंतर वर्षभर ते ओक रिज प्रयोगशाळेचे संशोधन संचालक होते. मग पुन्हा प्रिन्स्टनला आले. १९६० मध्ये त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. माणसाने केवळ सौंदर्यासाठी रचलेले गणित निसर्गाला इतके चपखल का बसते, याचे आश्चर्य त्यात आहे. तत्त्वज्ञही तो आजवर वाचतात. १९६३ मध्ये सममितीच्या तत्त्वांसाठी त्यांना भौतिकशास्त्राचे अर्धे नोबेल मिळाले. उरलेले अर्धे मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांना. एवढ्या मानानंतरही त्यांची नम्रता दंतकथेसारखी होती. दारातून विग्नर यांच्या मागून आत जाणे कोणालाच जमत नसे, कारण ते प्रत्येकाला आधी वाट देत.

घंटा की खड्डा?

१९६३ हेच वर्ष प्रकाशाच्या क्वांटम सिद्धान्तासाठीही महत्त्वाचे. लेझर तीन वर्षांपूर्वी आला होता. आता प्रश्न होता, कोणता प्रकाश जुन्या लहरींच्या सिद्धान्तात बसतो आणि कोणता बसत नाही? याचे एक मूलभूत सूत्र त्या वर्षी केरळमधल्या कोट्टायमजवळ जन्मलेल्या ई. सी. जी. सुदर्शन यांनी दिले. अमेरिकेत जाण्यापूर्वी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या हाताखाली काम करत होते. रॉय ग्लाउबर यांचेही काम याच काळातले.

आता विग्नर यांच्या नकाशावर वेगवेगळे प्रकाश मांडून पाहू. लेझरचा नकाशा म्हणजे मधोमध उंच आणि सर्व बाजूंनी सारखी उतरत जाणारी गोल रास. आडवा छेद घेतला तर तो घंटेसारखा दिसतो. परीक्षेच्या गुणांपासून माणसांच्या उंचीपर्यंत सगळीकडे भेटणारा हा वक्र गणितज्ञ गाउस यांच्या नावाने ओळखला जातो. तेही ग्योटिंगेनचेच. साध्या दिव्याचा नकाशाही घंटेचाच, फक्त जास्त पसरट. संपूर्ण अंधाराचा, म्हणजे एकही फोटॉन नसलेल्या अवस्थेचा नकाशासुद्धा घंटाच असतो. राशीला एका बाजूने दाबले की ती दुसऱ्या बाजूला लांबते. असा दाबलेला प्रकाशही तयार करता येतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत तो २०१९ पासून वापरात आहे. तशीच वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभी राहत आहे.

दाबलेला प्रकाश जुन्या सिद्धान्तात बसत नाही, तरी त्याचा नकाशा घंटेचाच राहतो. या सगळ्या कुटुंबाला गॉसियन प्रकाश म्हणतात. अडचण इथेच आहे. नुसत्या गॉसियन प्रकाशावर आणि त्याला साजेशा उपकरणांवर चालणारा क्वांटम संगणक बनवला, तर त्याची नक्कल आपला साधा संगणक सहज करू शकतो, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. मग एवढा खर्च कशाला? खरी ताकद हवी असेल तर घंटेच्या बाहेरचा प्रकाश लागतो.

घंटेबाहेरचा म्हणजे कोणता? १९७४ मध्ये रॉबिन हडसन या गणितज्ञाने एक सुंदर प्रमेय सिद्ध केले. अवस्था शुद्ध असेल, म्हणजे तिच्यात भेसळ नसेल, तर दोनच शक्यता आहेत. एकतर तिचा नकाशा गॉसियन घंटा असतो, नाहीतर त्यात कुठेतरी खड्डा असतोच. तिसरा पर्याय नाही. विग्नर यांनी १९३२ मध्ये कबूल केलेला दोष आता ओळखचिन्ह झाला.

तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, अँटोइन रॉयर यांनी दाखवले की विग्नर नकाशाची प्रत्येक ठिकाणची उंची म्हणजे त्या बिंदूभोवती पाहिलेली समता. १९२७ चा सम-विषमाचा गुण आणि १९३२ चा नकाशा या एकाच माणसाच्या दोन वेगळ्या कल्पना. त्या आतून जोडलेल्या निघाल्या. प्रकाशाच्या बाबतीत याचा अर्थ फार सोपा आहे. प्रकाशाचा झोत पुनःपुन्हा घ्या आणि दर वेळी फोटॉन मोजा. सम संख्या किती वेळा आली आणि विषम किती वेळा, ते पाहा. सम जास्त तर नकाशाच्या मध्यावर उंचवटा, विषम जास्त तर खड्डा. शून्य फोटॉन ही सम संख्या, म्हणून अंधाराच्या मध्यावर उंचवटा. नेमका एक फोटॉन ही विषम, म्हणून एकट्या फोटॉनच्या नकाशात मधोमध खोल खड्डा.

खड्डा बुजला तर?

नकाशा प्रत्यक्ष काढण्याची पद्धत वैद्यकातून ओळखीची आहे. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या अनेक बाजूंनी क्ष-किरणांच्या सावल्या घेतात आणि गणिताने आतले चित्र उभे करतात. प्रकाशाच्या नकाशाच्याही अशाच अनेक कोनांतून सावल्या घेता येतात. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात १९९३ मध्ये याच गणिताने दाबलेल्या प्रकाशाचा नकाशा काढला गेला. २००१ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात एकट्या फोटॉनचा नकाशा निघाला आणि त्याच्या मध्यावर खड्डा दिसला.

पण खड्डा नाजूक असतो. समजा, १०० झोतांत प्रत्येकी एक फोटॉन निघाला आणि काचा, तंतू, आरसे यांत हरवत हरवत ६० पोहोचले. विषम ६०, सम म्हणजे रिकामे ४०; खड्डा शिल्लक आहे. ४० च पोहोचले तर विषम ४०, सम ६०, खड्डा बुजला. हे फक्त एका फोटॉनपुरते नाही. निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेत गळाला तर कोणत्याही अवस्थेचा खड्डा उरत नाही. मग त्या स्रोताला नापास करायचे का? तसे करणे अन्यायाचे ठरेल.

दुसरीकडे एक फसवणूकही शक्य आहे. दोन वेगवेगळ्या घंटा नाणेफेक करून आलटून पालटून पाठवल्या, तर एकत्रित नकाशा घंटेसारखा राहत नाही. पण ही केवळ भेसळ झाली, अस्सल माल नव्हे. म्हणून चांगल्या कसोटीने दोन्ही गोष्टी साधायला हव्यात: गळती झालेला अस्सल माल ओळखावा आणि घंटांची कोणतीही भेसळ नाकारावी.

अशी कसोटी २०११ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथले रादिम फिलिप आणि लादिस्लाव मिश्ता यांनी दिली, आणि त्याच वर्षी तिथल्याच प्रयोगशाळेत ती वापरून पाहण्यात आली. तिला पूर्ण नकाशाची गरज नाही. किती झोत रिकामे आले आणि किती वेळा नेमका एकच फोटॉन आला, एवढेच मोजायचे. तर्क असा: लेझर कितीही जुळवला तरी १०० पैकी फार तर ३७ वेळा नेमका एक फोटॉन देतो. राशी दाबून, हलवून, मिसळून काहीही केले तरी गॉसियन कुटुंबाची मजल सुमारे ४८ च्या पुढे जात नाही. आकडा त्यापुढे गेला की प्रकाश घंटेबाहेरचा आहे, हे नक्की.

आकडा कमी असेल तरी वाट बंद होत नाही. समजा, १०,००० झोतांत १,००० वेळा एकटा फोटॉन आला. तेवढे मिळवायला लेझर वापरला तर सुमारे ५८ वेळा दोन किंवा अधिक फोटॉन एकत्र येतील. सर्वांत कसलेला गॉसियन प्रकाश वापरला तरी असे सहाच्या आसपास प्रसंग टळत नाहीत. आपल्या स्रोताने त्याहून स्पष्टपणे कमी दिले, तर तो पास. खड्डा केव्हाच बुजलेला असला तरी चालेल. मोजणीसाठी लागतो एक अर्धपारदर्शक आरसा आणि त्याच्या दोन बाजूंना फोटॉन टिपणारे दोन संवेदक. दोन्ही एकदम वाजले, तर फोटॉन एकटा नव्हता.

कसोटीची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. पास झालेला प्रकाश घंटेबाहेरचा आहे एवढेच ती सांगते. त्यातून उपयोगी संगणक बनेलच, असे नाही. २०१२ मध्ये सिद्ध झाले की संपूर्ण यंत्रात कुठेच खड्डा नसेल तर त्याचीही नक्कल साधा संगणक करू शकतो. म्हणजे प्रकाश अस्सल असणे ही पहिली पायरी, आणि गळती कमी करून खड्डा टिकवणे ही त्यापुढची. सध्याची शर्यत या दुसऱ्या पायरीवर आहे.

विग्नर यांनी स्वतः यातले काही पाहिले, काही नाही. वयाची ऐंशी ओलांडल्यावर, १९८४ मध्ये, तीन सहकाऱ्यांसोबत त्यांनी अशा नकाशांचा विस्तृत आढावा लिहिला. आपल्या जुन्या सूत्राला प्रकाशाच्या अभ्यासात नवे आयुष्य मिळते आहे, हे त्यांना ठाऊक होते. ओरेगनचा नकाशा निघाला तेव्हा ते नव्वदीत होते. १ जानेवारी १९९५ रोजी प्रिन्स्टनमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. एकट्या फोटॉनचा खड्डा कॉन्स्टान्झमध्ये दिसला तो त्यानंतर सहा वर्षांनी.

शास्त्रात चुकीचे उत्तर आले तर ते खोडतात. बरोबर उत्तर विचित्र दिसले तर ते झाकण्याचा मोह होतो. विग्नर यांनी वजा चिन्ह खोडले नाही आणि झाकलेही नाही. त्याचा अर्थ काय, हे आपल्याला सांगता येत नाही, तर निदान ते आहे एवढे तरी लिहून ठेवावे, असे त्यांनी केले. त्या एका ओळीमुळे आज टेबलावरच्या प्रकाशाला त्याची ओळख विचारता येते.